वरीलप्रमाणे

ही गोष्ट खरी आहे.

ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल खोटी समजावी. माझ्या आत्याला चौकशी समितीने तोंडावर खोटारडी म्हटलं, तेव्हा तिनेही वाद घातला नव्हता.

एवढंच सांगते, की हे रात्री घडलेलं नाही. अमावास्या नव्हती, वादळ नव्हतं, दिवेही गेले नव्हते. लख्ख ऊन पडलं होतं आणि दुपारचे चार वाजले होते.

बरोब्बर चार.

बावीस वर्षं झाली त्याला. आत्या तेव्हा सत्तेचाळीसची. बंदरावरच्या एका कचेरीत ती नोंदवही सांभाळायची. कचेरी दुसऱ्या मजल्यावर, खाली दोरखंड आणि रंगांचं दुकान, त्यामुळे जिन्यात कायम डांबराचा वास. खिडकी उघडली की समोर धक्का, धक्क्याच्या टोकाला पांढरा दीपस्तंभ आणि त्यापलीकडे नुसतं पाणी.

त्या कचेरीतून एक शर्यत चालायची. शिडाच्या होडीतून पृथ्वीला एक फेरी मारायची. एकट्याने. वाटेत कुठेही न थांबता. ज्याचं घरात कोणी ऐकत नाही त्याने असले उद्योग करावेत, असं आमचे आजोबा म्हणायचे.

कचेरीत माणसं तीनच. साहेब, नकाशावाला आणि आत्या.

साहेबांना सगळे पाठीमागे ‘दुर्बीण’ म्हणायचे. कारण गळ्यात सदैव दुर्बीण, आणि दिसायचं फक्त लांबचं. नकाशावाला अबोल माणूस. भिंतीवर छताला भिडलेला नकाशा होता. प्रत्येक होडीवर जागा कळवणारं यंत्र होतं. रोज चार वाजता ती जागा कागदावर छापून यायची आणि हा स्टुलावर चढून टाचणी काढून पुढे टोचायचा. मागे एक भोक उरायचं. भोकांची रांग म्हणजे होडीची वाट.

आत्याचं काम फोनचं. टेबलावर दोन फोन, एक काळा आणि एक पांढरा. चार ते पाच या तासात प्रत्येकाने होडीवरून फोन करायचा. शेवटच्याने सगळ्यात आधी, बरोबर चारला. मग पुढचे. आत्या विचारायची आणि वहीत लिहायची. तब्येत, होडी, हवा, जेवण. चार रकाने. नवीन काही नसेल तर चारही रकान्यांत मिळून एकच शब्द.

वरीलप्रमाणे.

सहा महिने रोज तेच ते लिहायचं म्हटल्यावर कोणाचाही हात त्या शब्दाला सोकावणारच.

पण एक नियम मात्र कडक होता. होडीचा कठडा ओलांडून, मागे लोंबकळून काही दुरुस्ती करायची असेल, तर आधी कचेरीला फोन. शब्दही ठरलेले.

“बाहेर जातोय. घड्याळ लावा.”

आत्याच्या टेबलावर किल्लीचं एक गजराचं घड्याळ होतं. ती ते एका तासावर लावायची. माणूस आत आला की पुन्हा फोन करायचा, “आत आलो.” मग आत्या घड्याळ बंद करायची. फोन आला नाही आणि गजर वाजला, तर हातातलं सगळं टाकून जवळच्या जहाजाला कळवायचं. ‘हे घड्याळ बंद करायचा हक्क फक्त बाहेर गेलेल्या माणसाचा,’ असं साहेब पाहुण्यांना मोठ्या ऐटीत सांगायचे.

त्या वर्षी अकराजण निघाले होते. उरले पाच. सगळ्यांत पुढे दातांचा एक डॉक्टर आणि नौदलातून निवृत्त झालेला एक कमांडर. मग मधले दोघे. आणि सगळ्यांत शेवटी, तब्बल वीस दिवस मागे, सुतारकाका.

सुतारकाका एकसष्ट वर्षांचे. होडी त्यांनी स्वतःच्या अंगणात नऊ वर्षं खपून बांधली होती. जाडजूड लाकडाची, तपकिरी शिडांची. वाऱ्यावर आपोआप सुकाणू फिरवणारं एक लाकडी यंत्रही त्यांनी स्वतःच केलं होतं. त्याला ते ‘गडी’ म्हणायचे. “गडी सुकाणू धरतो, तेवढ्यात मी डोळा लावतो.” कचेरीत मात्र त्यांच्या होडीचं नाव पडलं होतं ‘गोगलगाय’.

काका फोनवर बोलायचे कमी, पण मागे त्यांचा हातोडा ठाक ठाक चालू असायचा. एका हातात फोन, दुसऱ्या हातात हातोडा. दूरवरच्या त्या फोनला आवाज पोचायला जरा वेळ लागायचा. आत्याने विचारायचं, थांबायचं, मग ठाक… ठाक… आणि मग काका.

“ताई, सगळं वरीलप्रमाणे.”

हा शब्द त्यांना आत्यानेच शिकवला होता.

पाच वाजता काकूंचा फोन. म्हणजे सुतारकाकांच्या बायकोचा. रोज, न चुकता.

“काय म्हणाले आमचे हे?”

“वरीलप्रमाणे, काकू.”

“बरं. म्हणजे जेवले.”

आणि फोन ठेवायच्या.

एकशे सत्तराव्या दिवसाच्या सुमारास पुढच्या दोघांची चुरस लागली. आज डॉक्टर पुढे, उद्या कमांडर. वर्तमानपत्रवाले जिन्यात बसून राहायला लागले. साहेबांना तर मुंडावळ्या बांधायच्याच बाकी होत्या.

“बाई,” ते म्हणाले, “शेवटून पहिला कोण, हे कोणी विचारत नाही. पुढच्यांच्या मागे राहा.”

आत्या पुढच्यांच्या मागे राहिली. खरं सांगायचं तर तिला ते आवडतही होतं. डॉक्टर गोड बोलायचा, विनोद करायचा. तिने लिहिलेलं दुसऱ्या दिवशी छापून यायचं. सत्तेचाळीस वर्षांत तिचं लिहिलेलं काही छापून आलं नव्हतं.

एकशे एकाहत्तरावा दिवस.

चार वाजता काळा फोन वाजला. सुतारकाका. त्याच क्षणी पांढराही वाजला. डॉक्टर, वेळेच्या आधीच. घाईत असायचा तो.

“ताई, गडी मोडलाय. मी जरा…”

“काका, दुसऱ्या फोनवर डॉक्टर आहेत. तुमचं वरीलप्रमाणेच ना?”

मधला तो नेहमीचा वेळ गेला.

“…हं. लिहा.”

आत्याने लिहिलं. काळा फोन टेबलावर ठेवला आणि पांढरा कानाला लावला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता काळा फोन वाजला.

“काका? वरीलप्रमाणेच ना?”

“हं.”

एवढंच. आत्याने लिहिलं आणि फोन ठेवला. पत्रक टाइप करता करता तिला उगाच काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. काय ते कळेना.

तिसऱ्या दिवशी कळलं.

हातोडा नव्हता…

“आज कामाला सुट्टी वाटतं, काका?”

“हं.”

आणि अजून एक. मधला वेळही नव्हता. तिचा प्रश्न संपला की लगेच ‘हं’. हजारो मैलांवरून नव्हे, पलीकडच्या टेबलावरून आल्यासारखा.

आत्याने मान वर करून पाहिलं. पलीकडच्या टेबलावर कोणी नव्हतं. नकाशावाला स्टुलावर उभा होता, तिच्याकडे पाठ करून.

पाचव्या दिवशी फोनमधून वेगळाच आवाज आला.

खर्र… खर्र… खर्र…

लाकडावर काहीतरी घासत होतं. सावकाश. एका लयीत.

“रंधा मारताय का, काका?”

“हं.”

माणसं ओळखण्यात बाई तरबेज, असं तिच्याबद्दल सगळे म्हणायचे. पण ऐकायला कान जागेवर लागतात. तिचे कान पांढऱ्या फोनकडे होते.

नवव्या दिवशी नकाशावाला स्टुलावरून खाली उतरला आणि तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. त्याच्या बोटांत सुतारकाकांची तपकिरी टाचणी होती.

“ताई, एक विचारू? हसू नका.”

“काय झालं?”

“आठ दिवस झाले, या टाचणीला नवीन भोकच पाडावं लागत नाहीये.”

“म्हणजे?”

“म्हणजे डॉक्टरच्या भोकात बसतेय. रोज. नेमकी. तो जिथून गेला तिथूनच हे चाललेत. एक तसूभरही इकडे तिकडे नाही. आणि रोज एक भोक सोडून पुढच्यात. डॉक्टरला जे दोन दिवस लागले, ते हे एका दिवसात कापताहेत.”

“त्यांची ती जड होडी?”

“तेच तर म्हणतोय मी.”

दोघे साहेबांकडे गेले. साहेब दुर्बीण पुसत होते.

“यंत्र बिघडलं असेल. फोन येतोय ना रोज?”

“येतो,” आत्या म्हणाली.

“काय म्हणतात?”

काय म्हणतात, हे तिला सांगता येईना. कारण म्हणत होती ती स्वतःच.

“मग झालं तर. पुढच्यांकडे लक्ष द्या.”

चौदाव्या दिवशी मधल्या दोघांतल्या एकाने फोनवर विचारलं, “तपकिरी शिडं कोणाची हो? दुपारी मला ओलांडून गेली. अगदी जवळून. मी हाका मारल्या. कोणी ओ दिली नाही.”

“झोपले असतील,” आत्या म्हणाली. “एकटा माणूस. कधीतरी झोपणारच.”

“सुकाणूपाशी कोणी नव्हतं.”

“गडी आहे त्यांचा,” आत्या म्हणाली. गडी. गड्याबद्दल काका काहीतरी म्हणाले होते… कधी? काय?

आठवलं नाही. तेवढ्यात पांढरा फोन वाजला.

संध्याकाळी काकूंनी विचारलं, “काय म्हणाले?”

“वरीलप्रमाणे.”

काकू नेहमीसारख्या ‘बरं’ म्हणाल्या नाहीत.

“ताई, त्यांचा आवाज कसा येतो?”

“स्पष्ट येतो, काकू. पूर्वीपेक्षा स्पष्ट.”

हे मात्र खरं होतं.

आता त्या दिवसाबद्दल सांगते. एकशे शहाण्णवावा दिवस.

सकाळपासून धक्क्यावर ही गर्दी. बँड, फुगे, पुष्पगुच्छ. साहेब नवीन कोट घालून खाली गेले. नकाशावालाही गेला. वरती एकटी आत्या, कारण चारचे फोन कोणीतरी घ्यायलाच हवे होते. मधले दोघे अजून समुद्रात होते.

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर पोचला. जिंकला. पावणेतीनला कमांडर आला, दुसऱ्याच दिशेने. आत्या खिडकीतून बघत होती. तिला आनंद झाला होता. हे ती स्वतः सांगायची. ‘मला तेव्हा आनंद झाला होता गं,’ असं.

साडेतीनला नकाशावाला धापा टाकत वर आला.

“ताई, डॉक्टर विचारताहेत, माझ्या मागे कोण होतं?”

“कमांडर.”

“नाही. कमांडर बाजूला होते, लांब. डॉक्टर म्हणतात, गेले पाच दिवस एक होडी त्यांच्या अगदी मागे होती. ते वळले की ती वळायची. ते हळू झाले की ती हळू व्हायची. पुढे मात्र कधी गेली नाही, आणि आज सकाळपासून दिसलीच नाही. तपकिरी शिडं.”

आत्या नकाशाकडे बघत राहिली. कालची तपकिरी टाचणी डॉक्टरच्या पांढऱ्या टाचणीला खेटून उभी होती. तिथे भोक एकच होतं.

नकाशावाला पुन्हा खाली पळाला.

चारला पाच कमी असताना बँड थांबला.

आधी ढोल थांबला, मग एकेक वाद्य. मग माणसांचा आवाजही थांबला. धक्क्यावर हजारभर माणसं आणि कोणी बोलेना.

आत्याने खिडकीतून पाहिलं.

दीपस्तंभाला वळसा घालून एक होडी आत येत होती. जाडजूड. तपकिरी शिडं भरलेली. बंदरात वाऱ्याचा लवलेश नव्हता. इतर होड्यांची निशाणं खाली लोंबत होती. आणि ती होडी येत होती, सावकाश, सरळ, जिथून डॉक्टर आला होता तिथूनच.

सुकाणूपाशी कोणी नव्हतं.

होडीवर कोणीच नव्हतं.

ती आली आणि डॉक्टरच्या होडीमागे येऊन थांबली. टेकलीसुद्धा नाही. हातभर अंतर ठेवून उभी राहिली, रांगेत आपला नंबर यायचा असावा तशी.

घड्याळात चार वाजले.

काळा फोन वाजला…

फोन वाजत राहिला. सात वेळा, आठ वेळा. शेवटी तिने उचलला. डोळे खिडकीबाहेर, त्या रिकाम्या होडीवर.

खर्र… खर्र…

पंचवीस दिवसांत पहिल्यांदा तिने ‘वरीलप्रमाणेच ना’ असं म्हटलं नाही.

“काका,” ती म्हणाली, “कुठे आहात तुम्ही?”

घासण्याचा आवाज थांबला.

“बाहेरच आहे, ताई.”

तोच आवाज. तसाच भिडस्त. कोणाला त्रास नको म्हणून हळू बोलणारा.

“घड्याळ लावलंत ना?”

नकाशावाला वर आला तेव्हा आत्या जमिनीवर बसलेली होती. फोन मांडीत. घड्याळ दोन्ही हातांत घट्ट धरलेलं. ते बंद पडलेलं होतं. कितीतरी दिवसांत त्याला कोणी किल्लीच दिली नव्हती.

होडीत काय सापडलं ते चौकशीत वाचून दाखवलं गेलं.

गडी मधोमध मोडलेला. मोडलेली जागा जुनी, वाळलेली. म्हणजे पंचवीस दिवस सुकाणू धरायला कोणीच नव्हतं. फोन होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात पडून निकामी झालेला. मागच्या कठड्याला कमरेची दोरी बांधलेली आणि तिचं दुसरं टोक पाण्यात लोंबत होतं. ती दोरी एका हिसक्यात तुटली नव्हती. कठड्याच्या लाकडावर घासून घासून तुटली होती. लाकडात बोटभर खोल खाच पडली होती.

तेवढी खाच पडायला बरेच तास लागले असतील, असं तिथला जाणकार म्हणाला. त्या दिवशी एक मालवाहू जहाज तिथून फक्त दीड तासावर होतं, असंही तो म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. उगाच सांगितलं.

काकांच्या वहीत शेवटचं पान एकशे एकाहत्तराव्या दिवसाचं. सुतारी पेन्सिलीने, ठळक अक्षरांत.

‘गडी मोडला. ताईंना सांगितलं. बाहेर जातोय.’

ताईंना सांगितलं…

आत्या शपथेवर म्हणाली, त्यानंतरही रोज फोन येत होता. मग टेलिफोनवाल्यांचा कागद आला. त्या होडीवरून एकशे एकाहत्तराव्या दिवसानंतर एकही फोन झाला नव्हता. समितीतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

कचेरीतल्या फोनला टेप जोडलेला होता. त्या दिवसानंतरच्या पंचवीस कॅसेटी होत्या. त्या वाजवल्या.

सगळ्यांवर आत्याचाच आवाज. ‘काका? वरीलप्रमाणेच ना?’ मग शांतता. मग ‘बरं’ आणि फोन ठेवल्याचा आवाज. ‘हं’ कुठेच नव्हतं. घासल्याचा आवाज नव्हता. शेवटच्या दिवशीचीही तीच गत. ‘काका, कुठे आहात तुम्ही?’ आणि पुढे नुसती शांतता.

“थोडक्यात, बाई स्वतःशीच बोलत होत्या,” समितीचे अध्यक्ष म्हणाले. “आणि नोंदी मनाने भरत होत्या.”

काकूंना मुद्दाम बोलावलं होतं. छोटीशी बाई, मांडीवर पिशवी. सगळ्या कॅसेटी त्यांनी मान खाली घालून ऐकल्या. मग म्हणाल्या,

“ही शांतता नाही. हे त्यांचं गप्प बसणं आहे.”

“म्हणजे काय, बाई?”

“चौतीस वर्षं ऐकलंय मी. रुसले की असेच बसायचे. दुसरं कोणी असं गप्प बसत नाही.”

एकाने पाण्याचा पेला पुढे केला. काकूंनी तो घेतला नाही. त्या आत्याकडे वळल्या.

“ताई, एवढे दिवस ते बोलत होते तुमच्याशी, असं तुम्ही म्हणता. मी खरं मानते. पण एकदाही ‘कसे आहात’ असं विचारलं नाहीत हो?”

मग एकशे एकाहत्तराव्या दिवसाची कॅसेट लावली. ती मुद्दाम शेवटी ठेवली होती.

‘ताई, गडी मोडलाय. मी जरा…’

‘तुमचं वरीलप्रमाणेच ना?’

‘…हं. लिहा.’

इथे संपलं, असं आत्याला वाटलं. पण टेप चालूच राहिली. घाईत तिने काळा फोन ठेवला होता तो टेबलावर. जागेवर नव्हे. लाईन तुटलीच नव्हती.

मागे आत्याचं हसणं ऐकू येत होतं. डॉक्टरने काहीतरी विनोद केला होता. खूप हसत होती ती.

आणि त्या हसण्याच्या अलीकडे, फोनच्या अगदी जवळ, काकांचा आवाज. लाकडाच्या टेबलाशी बोलणारा.

‘बाहेर जातोय, ताई. घड्याळ लावा.’

थोडा वेळ वाट बघितल्यासारखी शांतता.

‘लावलंत ना?’

मग आत्याचं हसणं. मग टेप संपली.

निकाल काय लागला असेल ते वेगळं सांगायला नको. सगळं खापर आत्याच्या डोक्यावर फुटलं. साहेब नामानिराळे राहिले. ‘मी सर्वांकडे समान लक्ष देण्याच्या सूचना केल्या होत्या,’ असं त्यांनी लेखी दिलं, आणि पुढच्या वर्षी त्यांचा निवृत्तीचा सत्कारही झाला. डॉक्टरने भाषण केलं. सुतारकाकांच्या नावापुढे वहीत ‘फेरी अपूर्ण’ असा शेरा पडला, कारण शेवटी होडीवर माणूस असणं नियमात होतं. होडी पोचली होती. माणूस तेवढा राहिला होता.

आत्याची नोकरी गेली. निघताना तिने टेबलावरचं ते घड्याळ उचलून पिशवीत टाकलं. कोणी अडवलं नाही. त्याची आठवणच कोणाला नव्हती.

त्यानंतर आत्याने रोज चार वाजता ते घड्याळ एका तासावर लावलं. पाचला गजर व्हायचा. तो ती बंद करायची नाही. पूर्ण वाजू द्यायची. गजर थांबला की घरातला फोन वाजायचा. काकू.

“काय म्हणाले?”

“अजून बाहेरच आहेत, काकू.”

“बरं.”

चौदा वर्षं. काकू गेल्या तोपर्यंत, एक दिवस चुकला नाही. आम्हाला वाटायचं, दोघी म्हाताऱ्या एकमेकींची समजूत घालताहेत. घालू देत.

मला तसंच वाटत राहिलं असतं. पण काकू गेल्या त्याच्या पुढच्याच वर्षी मी आत्याकडे राहायला होते. आत्या आत स्वयंपाकघरात भांडी घासत होती. दुपारची वेळ. फोन वाजला. मी उचलला.

“हॅलो?”

खर्र… खर्र…

“हॅलो, कोण बोलतंय?”

आवाज थांबला. पलीकडे कोणीतरी होतं. श्वास नव्हता, बोलणं नव्हतं. पण कोणीतरी गप्प बसलं होतं. ते गप्प बसणं कसं ओळखू येतं, हे मला त्या दिवशी कळलं. ते माझी वाट बघत होतं.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. आत्या ओल्या हातांनी दारात उभी होती.

“विचार!” ती ओरडली. “बघत काय बसलीस? विचार ना, कसे आहात म्हणून!”

मला एवढंच हवं होतं, की हे संपावं.

“हं,” मी म्हटलं.

आणि फोन ठेवून दिला.

आत्या मला रागावली नाही. मग पदराला हात पुसत म्हणाली, “असंच होतं. मीही काही वाईट नव्हते गं.”

आत्या जाऊन आता तीन वर्षं झाली. तिचा फोन केव्हाच बंद केला. माझ्या मोबाइलवर दुपारी चारला कधीकधी नंबर नसलेला फोन येतो. रोज नाही. बँकेचा असेल, जाहिरातीचा असेल. कोणाचाही असू शकतो.

मी उचलत नाही.

घड्याळ मात्र माझ्याकडे आहे. चार वाजता किल्ली देते आणि एका तासावर लावते. पाचला ते वाजतं. शेजारचे कुरकुर करतात, नवरा म्हणतो, बंद कर ते एकदाचं.

पण ते मला बंद करता येत नाही. तो हक्क माझा नाही.